आधी ळ काढायचा

मावशी,

तू गेल्याचं मला खालच्या फळ्यावरून कळलं. आईने फोन केला होता, पण मी कॉलेजच्या लॅबमध्ये होते आणि फोन बॅगेत होता. संध्याकाळी जिन्याशी आले तर मंडळाच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं दिसलं, ‘आज सकाळी दुःखद निधन’. आणि मी काय केलं सांगू? मी आधी ‘सकाळी’मधला ळ पाहिला. दोन शून्यं शेजारी ठेवून वर काठी मारलेला, घाईत काढलेला. मनात आलं, हा मावशीला दाखवायला हवा. मग खालची ओळ वाचली. तिथे तुझं नाव होतं.

आधी अक्षर बघायचं आणि मग अर्थ, ही सवय तू लावलीस. त्या दिवशी मला तिची लाज वाटली. अजून थोडी वाटते.

आज अकरा दिवस झाले. मला असं काही लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे. आमच्या घरात पेपर आणि अर्ज सोडून कुणी काही लिहिलेलं नाही. बाबा टॉवरमध्ये लिफ्टवर असतात, आई डबे करते, आणि मी घरातली पहिली कॉलेजात गेलेली, म्हणून मला सगळं येतं असं सगळ्यांना वाटतं. तुला तसं कधीच वाटलं नाही. तुझ्यासमोर ‘मला हे जमत नाही’ म्हणायला काही लागायचं नाही. म्हणून तुलाच लिहितेय. शिवाय एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली. ती सांगायचा धीर तू असताना झाला नाही आणि आत्ताही एकदम होत नाहीये. जरा वळसा घेऊन येते.

डिलाईल रोडच्या आपल्या चाळीत तू आमच्यापासून तिसऱ्या खोलीत. जन्मल्यापासून मी तुला बघत आले, पण तू नोकरीत नक्की काय करायचीस हे मला एकविसाव्या वर्षी कळलं. ‘मावशी गिरगावात प्रेसमध्ये होत्या’ एवढंच सगळे सांगायचे. सगळ्यांना वाटायचं तू तिथे कागदांच्या घड्या घालायचीस.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी टाइपफेस, म्हणजे छपाईच्या अक्षरांचा अख्खा संच, घेतला होता. ठळक, मोठ्या मथळ्यांसाठीचा, जाड आणि बारीक रेषांमध्ये खूप फरक असलेला. तशी इंग्रजी अक्षरं मी पहिल्यांदा मॉलमधल्या एका दुकानाच्या काचेवर पाहिली होती. आजोबांची गिरणी जिथे होती त्याच जागेवरचा तो मॉल. उभ्या रेषा खांबासारख्या भरीव, आणि त्यांच्या पायाशी केसाएवढ्या बारीक आडव्या पट्ट्या. आत जायची हिंमत नव्हती, पण काचेसमोर मी बराच वेळ उभी होते. एवढं वजन एवढ्याशा रेषेवर कसं उभं राहतं, हे मला कळेना. पुढे कॉलेजात त्या पट्ट्यांना सेरिफ म्हणतात हे कळलं. तसं मराठीत करायचं, एवढीच माझी कल्पना होती.

मग एकदा आईने माझ्या चुकलेल्या प्रिंटमध्ये गुंडाळून तुला अळूवड्या पाठवल्या. पाच मिनिटांत तू आमच्या दारात. हातात तो तेलकट कागद. वड्यांबद्दल एक शब्द नाही. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन म्हणालीस, “गो दीपे, ह्येच्यात ळ खंय आसा?”

मी म्हटलं, सरांनी पहिल्या टप्प्यात ठरावीक अक्षरं काढायला सांगितलीत. ळ शेवटी येतो. तू आत येऊन बसलीस, पाणी मागितलंस, आणि मग अगदी शुद्ध भाषेत, ऑफिसात बोलत असल्यासारखं सांगितलंस, “शेवटी काढलेला ळ शेवटचाच दिसतो. आधी ळ काढायचा.”

मला ते म्हातारपणाचं खूळ वाटलं. खरं सांगते.

पुढच्या आठवड्यांत तू तुकड्यातुकड्यांत सांगितलंस ते मी आता एकत्र लावतेय. तुझी ‘प्रेस’ म्हणजे ठाकूरद्वारच्या एका गल्लीतली फाउंड्री होती, छापखान्यांसाठी शिशाचे खिळे, म्हणजे एकेक सुटं अक्षर, ओतणारी. वरच्या मजल्यावर अक्षरं काढायची खोली. मुख्य आर्टिस्ट वीतभर उंचीचं एकेक अक्षर पेन्सिलीने काढायचे. तुम्ही चौघी त्यात काळी शाई भरायचात आणि कडा पांढऱ्या रंगाने साफ करायचात. मग ते मशीनवर लहान होत होत धातूत उतरायचं. अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने भरायला यायची. त्यामुळे ळ, क्ष, ज्ञ नेहमी शनिवारी दुपारी. सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे, कुणाला मटण आणायचं, कुणाला माहेरी जायचं. ती तीन अक्षरं कायम जराशी सुजलेली निघायची. तू एकदा मागून घेतलंस की ळ मी सोमवारी सकाळी भरणार, हात ताजा असताना. बाकीच्या तिघी तुला चिडवायच्या, ‘हिचो सोमवारचो उपास, ळ खाऊन सोडता.’

का पण, मी विचारलं होतं. तू बोटांवर मोजून दाखवलंस, “चिंचपोकळी. परळ. भायखळा. काळाचौकी. ह्या बाजूला ळशिवाय पत्र पोचत नाही.”

मी हसले. पण दुसऱ्या दिवशी घरी यायच्या रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या मी मोजल्यासारख्या वाचल्या, आणि तुझंच खरं होतं. वाईट ळ दिसला की दात दुखल्यासारखं व्हायला लागलं, ते तेव्हापासून.

आपली भांडणं कुणी ऐकली असती तर म्हणाले असते ह्या दोघी कुणाच्या लग्नावरून भांडतायत. चाळीने ऐकलीच. माझा पहिला र तुला आठवतो? इंग्रजीतल्या आरचा उजवा पाय जाड असतो, म्हणून मी आपल्या रचाही खाली उतरणारा पाय जाड केला होता. तू कागद लांब धरलास आणि म्हणालीस, हा र साहेबाचा बूट घालून आलाय. मला काही कळेना. मग तू आतून बोरू आणलास, तिरपा कापलेला, आणि कॅलेंडरच्या मागे र काढून दाखवलास. आपला बोरू उलट्या बाजूने कापतात, त्यामुळे रेषा उजवीकडे खाली उतरताना बारीक होते आणि उजवीकडे वर चढताना जाड. इंग्रजीत नेमकं उलटं. तीन वर्षं मी कॉलेजात होते, सरांनी हे सांगितलंही होतं म्हणे, पण तुझ्या हातात रेष फिरताना पाहिली तेव्हाच ते डोक्यात गेलं. त्या रात्री मी निम्मी अक्षरं पुसली. तू दुसऱ्या दिवशी आईला म्हणालीस, पोर शहाणी आहे, बूट काढून घरात आली.

पायाशी पट्ट्या लावण्यावरूनही तसंच. मी रेषांच्या टोकांना बारीक सेरिफ लावले होते. तू विचारलंस, हे पाय कशाला? मी म्हटलं, अक्षर उभं राहायला. तू म्हणालीस, इंग्रजी अक्षरं उभी राहतात, त्यांना पाय हवेत. आपली उभी राहत नाहीत, आपली वरून लटकतात. शिरोरेषेला. मला हे कुठल्याच पुस्तकात इतकं साधं मिळालं नव्हतं. पाय मी काढून टाकले.

पण मग शिरोरेषा. तिथे मी ऐकलं नाही.

मला ती बारीकच हवी होती. खाली जाडजूड अक्षरं आणि वर एक तार, काचेवरच्या त्या पट्टीसारखी. तू म्हणायचीस, दोरी बारीक केलीस तर गोधड्या कशा धरणार? मी म्हणायचे, मावशी, तीच तर गंमत आहे, धरतेय की नाही असं वाटायला हवं. तू म्हणायचीस, गोधडी खाली पडली की गंमत तुलाच उचलून आणावी लागेल. मग तू माझा प्रिंट घेऊन बाहेर गेलीस आणि गॅलरीच्या टोकाला, कपडे वाळत घालायच्या दोरीवर, चिमटे लावून टांगलास. मोठ्या अक्षरात चारच शब्द होते, तुझेच, चिंचपोकळी, परळ, भायखळा, काळाचौकी. आपण जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून वाचायला लागलो. समोरच्या खोलीतले सावंतकाका चहाचा कप घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, काय, बसची पाटी रंगवताय? खोदादाद सर्कलला थांबते काय? तू त्यांच्याकडे लक्ष न देता मला विचारलंस, “रेघ खंय गेली गो? तुका दिसता काय?”

दिसत नव्हती. जिन्यापाशी शिरोरेषा विरून गेली होती आणि अक्षरं नुसती हवेत लोंबत होती. मी म्हटलं, दिसते की. सावंतकाका म्हणाले, मला चहा दिसतो.

त्याच सावंतकाकांच्या मुलीच्या लग्नात मी जे केलं ते तुला पुन्हा सांगायची गरज नाही, पण लिहिते, कारण तिथूनच पुढचं सगळं झालं. काकांनी विचारलं, तुझ्या अक्षरात पत्रिका काढूया का. माझा टाइपफेस पहिल्यांदा कुठेतरी छापला जाणार होता. तू एकच सांगितलं होतंस, त्या दोघांची नावं ह्या अक्षरात मोठी घे, बाकी पत्ता साध्या अक्षरात. जाड-बारीक अक्षर मोठंच छापायचं, लहान केलं की बारीक रेषा मरते. वाचायला भिंग लागलं तर माणसं जेवायला उशिरा येतात. तू कॉन्ट्रास्टला जाड-बारीक म्हणायचीस. आता मलाही तोच शब्द तोंडात येतो.

मी पत्ताही त्याच अक्षरात घेतला. मुद्दाम, तुला दाखवायला. आणि माझा ळ तर अजून वाईट होता. मी डावं पोट काढून कॉम्प्युटरवर उलटं करून उजवीकडे चिकटवलं होतं, म्हणजे काम अर्धं. छापून आलं तेव्हा नावं छान होती, मान्य कर. पण पत्त्यात बारीक रेषा तुटल्या आणि हॉल ‘का००चौकी’ला गेला. सावंतकाकांच्या व्याह्यांनी फोन करून विचारलं की हा कुठला पिनकोड. काका रागावले नाहीत, हे जास्त लागलं. ते लग्नात प्रत्येकाला सांगत होते, आमच्या शेजारणीने काढलंय, नवीन फॅशन आहे, मध्ये दोन शून्यं असतात.

मी दोन दिवस तुझ्याकडे आले नाही. तिसऱ्या दिवशी तूच आलीस, पत्रिका घेऊन. वाटलं, आता बोलशील. तू म्हणालीस, पत्त्याचं जाऊ दे, ळ बघ. हा तिरळा आहे. उलटा करून चिकटवलायस ना? एक डोळा आत बघतो, एक बाहेर. दोन्ही पोटांत जाड एकाच दिशेला हवं, कारण हात एकच आहे, बोरू एकच आहे. माणसाचे दोन हात आरशातले असतात, अक्षराची पोटं नाहीत.

नंतर मी किती ळ काढले. तू एकेक बघून बाजूला ठेवत होतीस. शेवटी एका दुपारी, आई डब्यांना गेली होती, मी तुझ्या जमिनीवर बसले होते आणि रडायला आलं होतं, तेव्हा तू म्हणालीस, मरांदे, आण तो कागद. तुझा हात तेव्हा थरथरायचा. चहा बशीत सांडायचा. पण बोरू कागदाला लागला आणि थरथर कुठे गेली कळलं नाही. उजवं पोट जरा जड ठेवलंस, जरा खाली. म्हणालीस, नाहीतर ळ डावीकडे पडतो. मग मला ती गोष्ट सांगितलीस, बोरू पुसता पुसता, कुणाला तरी दुसऱ्याची सांगावी तशी.

फाउंड्रीच्या एका ठळक टाइपला आर्टिस्टसाहेबांनी काढलेला ळ तुला पटला नव्हता. पोटं इतकी भरलेली होती की लहान होताना आतली पांढरी जागा बुजली असती. तुझं काम रेषेच्या आत शाई भरण्याचं. रेष हलवण्याचं नाही. त्या सोमवारी तू रेष हलवलीस. आतून जागा उघडलीस, उजवं पोट खाली घेतलंस. साहेबांच्या लक्षात आलं की नाही तुला कधी कळलं नाही. ते ओतलं गेलं. मग कितीतरी वर्षं पेपरांच्या मथळ्यांत, नाटकांच्या जाहिरातींत, पत्रिकांत तो ळ फिरत होता, आणि तू बसमध्ये पुढच्या माणसाच्या खांद्यावरून तो वाचत होतीस.

मी विचारलं, कुठे नाव आलं का तुझं? तू हसलीस. शाई भरणाऱ्यांची नावं कुठे लिहितात, म्हणालीस.

हे ऐकूनसुद्धा मी पुढचं केलं, मावशी. आता सांगते.

तुझा ळ मी स्कॅन केला आणि टाइपफेसमध्ये घेतला. कडा थोड्या साफ केल्या, तेवढंच. त्याच्याकडे बघून मी बाकीची अक्षरं सुधारली. व, ब, क, सगळ्यांची पोटं त्याच्यावरून आली. ती माझी आहेत असं मी म्हणू शकते, पण ती शिकली तुझ्या ळकडून. मग पहिल्या फेरीची ज्युरी झाली. बाहेरून आलेल्या एका मॅडमनी सगळी पानं उलटली आणि ळवर बोट ठेवलं. म्हणाल्या, हा फार समजून काढलाय, हल्ली कुणी असा काढत नाही, कसा सुचला? सर माझ्याकडे बघत होते. तिथे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, “खूप वेळा काढून पाहिला, मॅडम.”

हे खोटं नव्हतं. मी खूप वेळा काढून पाहिला होता. एवढंच की तो हा नव्हता.

का बोलले नाही, ह्याचा मी ह्या अकरा दिवसांत खूप विचार केला. मला वाटतं मला भीती वाटली की ळ गेला तर माझ्याकडे काय उरेल. बाकी मुलामुलींच्या घरी पुस्तकं आहेत, कुणाचे वडील आर्किटेक्ट आहेत. मला पहिल्यांदा कुणीतरी ‘समजून काढलाय’ म्हटलं होतं. ते मला परत द्यायचं नव्हतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण असंच आहे.

मग मी चार पानांचं पत्रक छापलं, नमुन्याचं, आणि तुला आणून दिलं. मागच्या पानावर खाली बारीक अक्षरात एकच नाव होतं. माझं. तू ते हळूहळू उलटलंस. शेवटच्या पानावर थांबलीस. ते नाव तू वाचलंस हे मी पाहिलं. मग तू परत पहिल्या पानावर गेलीस, जिथे मोठ्या अक्षरात तुझे चार शब्द होते, आणि पानावरून बोट फिरवलंस, शाई बसली की नाही बघायला फिरवायचीस तसं.

“ळ बरो इलो हा,” एवढंच म्हणालीस.

आणि पत्रक उशीखाली ठेवलंस.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी मनात ठरवलं की शेवटच्या प्रदर्शनाला पाटी लागेल त्यावर तुझं नाव लिहीन, तुला टॅक्सीने घेऊन जाईन, तू पाटीसमोर उभी राहशील आणि मग मला काही बोलावंच लागणार नाही. म्हणजे पुन्हा बोलणं टाळायचीच सोय. प्रदर्शनाला तीन आठवडे होते. तू थांबली नाहीस.

तुझी धाकटी बहीण मालवणहून आली आहे. तुझ्या खोलीतच उतरली आहे. परवा आई आणि मी तिच्याबरोबर बसलो होतो, तर ती सारखी म्हणत होती, आमची निर्मळा अशी, आमची निर्मळा तशी. मला वाटलं गावाकडचा उच्चार. मी विचारलं, तर ती म्हणाली, “बापाशीन निर्मळाच ठेवल्यान. शाळेत मास्तरान निर्मला केल्यान. मगे सगळीकडे ताच.”

शाळेत निर्मला. फाउंड्रीच्या हजेरीत निर्मला. रेशनकार्डावर निर्मला. खालच्या फळ्यावरही निर्मला धुरी. तू आयुष्यभर इतरांच्या पत्त्यांतले ळ नीट करत होतीस आणि तुझ्या नावातला एका मास्तरने काढून घेतला होता, आणि तू मला हे कधी सांगितलं नाहीस. कदाचित तुझ्या सोमवारच्या ळचा ह्याच्याशी काही संबंध नसेल. तू म्हणाली असतीस, काहीतरी नको जोडू, चिंचपोकळीसाठी काढायची मी. असेलही तसं. पण मला ते ऐकल्यावर झोप लागली नाही.

काल सकाळी मी सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ज्युरीतलं वाक्यसुद्धा. ते चिडले नाहीत. ते म्हणाले की अंतिम अर्जावर मला सही करायची आहे की सगळी अक्षरं माझी आहेत. एक अक्षर दुसऱ्याच्या हातचं असेल तर ज्युरी मार्क कापू शकते. पहिल्या फेरीचे मार्क ळमुळे चांगले पडले होते, तेही पुन्हा तपासतील. काय होईल ते सांगता येत नाही. मग म्हणाले, “तो ळ स्वतः काढ, नाहीतर त्यांचं नाव लिही. मधला रस्ता नाही.”

मी लॅबमध्ये जाऊन बसले. आणि मावशी, मला ळ जमला. आता जमला. दुपारपर्यंत तीन काढले आणि तिसरा चांगला होता. उजवं पोट जड, जाड एकाच दिशेला, आतली जागा उघडी. तुझ्याइतका नव्हता, पण चालला असता. कुणालाही कळलं नसतं. तुलासुद्धा आवडला असता, निदान तू तो बाजूला ठेवला नसतास. फाइलमध्ये तुझ्या जागी तो बसवला आणि ‘परळ’ टाइप करून पाहिलं. नीट दिसत होतं. नियमात बसत होतं. आईबाबांना काही सांगावं लागलं नसतं.

मी स्क्रीनकडे बघत राहिले आणि मला फाउंड्रीतली ती खोली दिसायला लागली, जी मी कधी पाहिलेली नाही. तुम्ही चौघी वाकून शाई भरताय. आणि कागद पुढे जातोय, आणि नाव मागेच राहतंय. मी नवा ळ तसाच ठेवला असता तर तू तिथूनही गेली असतीस. टाइपफेस पूर्ण माझा झाला असता, आणि त्यात तू कुठेच नसतीस, आणि तरी प्रत्येक व आणि ब तुझाच असता.

मी तुझा ळ परत आणला.

शिरोरेषेचं मात्र मी ऐकलेलं नाही, हे तुला सांगायला हवं. ती अजून बारीकच आहे. मोठ्या अक्षरात ती तशीच राहील. तुझ्या दोरीवरच्या परीक्षेत ती नापास झालीय, मला माहीत आहे. पण मला अजूनही वाटतं की तेवढं वजन तेवढ्याशा रेषेने धरलेलं बघून माणूस थांबतो, मी त्या काचेसमोर थांबले होते तशी. लहान छपाईसाठी मी वेगळी अक्षरं काढायला घेतलीत, त्यात शिरोरेषा जाड आहे, तू म्हणायचीस तेवढी. त्यावर तू काय म्हणाली असतीस ते मला ठरवता येत नाही. मी दोन्ही बाजूंनी भांडून पाहते आणि तुझ्या बाजूने नीट भांडता येत नाही मला. तुझे टोमणे मला सुचत नाहीत.

रात्री आईला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. मार्क कापले तर काय होईल, तिने विचारलं. मी म्हटलं, कदाचित पास होईन, कदाचित पुन्हा बसावं लागेल. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, बाबांना मी सांगते, तू नको सांगूस. आणि थोड्या वेळाने, तव्याकडे बघत, तुझी मावशी मला कधी बोलली नाही गं की प्रेसमध्ये ती अक्षरं काढायची.

आज अर्ज भरला. ‘अक्षररचना’ ह्या रकान्यात माझं नाव लिहिलं, आणि त्याखाली, ‘ळ आणि मार्गदर्शन : निर्मळा धुरी’. सही करायच्या वाक्यातलं ‘सर्व’ खोडून ‘ळ वगळता सर्व’ लिहिलं. खोडायला परवानगी आहे का माहीत नाही. ऑफिसच्या खिडकीवरचे काका प्रदर्शनाच्या पाट्यांसाठी नावं कॉम्प्युटरवर घेत होते. त्यांनी माझा अर्ज समोर धरला आणि टाइप करता करता मोठ्याने वाचलं, “निर्मला धुरी.”

“ला नाही, काका,” मी म्हटलं. “ळा. निर्मळा.”

“असं नाव असतं?”

“असतं.”

त्यांनी कीबोर्डवर बोट फिरवलं, दोनदा, आणि वैतागून विचारलं, ह्यात ळ कुठे असतो. मला हसू आलं, कारण अळूवड्यांचा कागद घेऊन तू दारात आली होतीस तेव्हा हेच विचारलं होतंस. मी खिडकीतून वाकून सांगितलं, लचंच बटण, शिफ्ट दाबून धरा. त्यांनी ल पुसला, एका हाताने शिफ्ट धरलं आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटाने हळूच दाबलं.

स्क्रीनवर उमटलेला ळ साध्या कॉम्प्युटरच्या अक्षरातला होता. सगळीकडे एकाच जाडीचा, दोन्ही पोटं आरशातल्यासारखी. तिरळा. तू बघितला असतास तर चष्मा काढून ठेवला असतास.

पण तुझ्या नावात, त्याच्या जागेवर होता.